नोगेराचा तो एक पास : अंतिम सामना आपण नेमका कशामुळे जिंकलो?

नेरूळकर (रविवार, ५ मे २०२४, सकाळी ८.१०)

सर्वांना नमस्कार. काल रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवरचे साठ हजारांहून अधिक प्रेक्षक गप्प झाले, तेव्हा आमच्या इमारतीत एकट्या माझ्याच घरातून आरडाओरडा चालू होता. शेजारच्या काकूंनी बेल वाजवून 'बंगळुरू जिंकली का हो?' असे विचारले. आज फुटबॉलचाही अंतिम सामना आहे, हे त्यांना समजावून सांगण्यात भरपाई वेळेतली दोन मिनिटे गेली आणि वोयटसचा गोल मला नंतर पुन्हा लावून पाहावा लागला.

असो. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना : मुंबई सिटी ३, मोहन बागान १. ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ४४व्या मिनिटाला मोहन बागानच्या पेत्रातोसचा फटका आपला गोलरक्षक फुर्बाने अडवला खरा, पण चेंडू हातात राहिला नाही आणि कमिंग्सने तो आत ढकलला. मध्यंतरानंतर ५३व्या मिनिटाला नोगेराने बचावफळीच्या डोक्यावरून पास दिला आणि परेरा डियाझने बरोबरी साधली. ८१व्या मिनिटाला बिपिन, ९०+७व्या मिनिटाला वोयटस.

माझा प्रश्न सामन्यातल्या दुसऱ्या, म्हणजे बरोबरीच्या गोलाविषयी आहे. या धाग्यांवर आपण गेली तीन-चार वर्षे मुंबईच्या छोट्या, जमिनीलगतच्या पासांचे गोडवे गात आलो आहोत. काल मात्र सामना ज्या पासने फिरला तो लांब होता, हवेतून होता आणि एकच होता. मग जिंकली ती संघाची पद्धत की एका माणसाची नजर? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते आहे. आपले काय म्हणणे आहे?

मधली_फळी (सकाळी ९.०२)

नेरूळकर, अभिनंदन सर्वांचेच. पण मताशी मी असहमत आहे.

उंच पास आकाशातून पडत नाही, त्याची किंमत आधीच्या पंधरा-वीस छोट्या पासांनी मोजलेली असते. आपला संघ चेंडू मागे बचावातल्या तिरीकडे किंवा मेहताबकडे देतो, तेव्हा समोरची बचावफळी दोन पावले पुढे सरकते. चेंडू पुन्हा मधल्या फळीत आला की ती थोडी थबकते, पुन्हा मागे गेला की पुन्हा पुढे येते. हे आठ-दहा वेळा झाले की बचावपटूंच्या पाठीमागे आणि गोलरक्षकाच्या पुढे मोकळी जागा तयार होते. ती जागा नोगेराने निर्माण केली नाही, त्याने फक्त ती वापरली. घर बांधणारे गवंडी वेगळे आणि वास्तुशांतीला पाटावर बसणारा वेगळा, असा हा प्रकार आहे.

घोडबंदर_रोड (सकाळी ९.१५)

आणि धाव कोणाची होती? पास देणाऱ्याचे कौतुक आणि धावणाऱ्याला पाण्याची बाटली, हा कुठला न्याय?

जुना_डीवाय (सकाळी १०.३०)

धागा वाचून राहवले नाही म्हणून जुन्या माणसाने चार ओळी लिहायला घेतल्या आहेत.

मी या संघाला पहिल्यांदा पाहिले ते १८ ऑक्टोबर २०१४ रोजी, आमच्याच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. त्या दिवशी पुण्याच्या संघाला ५-० असे हरवले आणि आंद्रे मोरित्झने तीन गोल केले. आयएसएलमधली ती पहिली हॅट्‌ट्रिक. पुढे २०१६ साली संघ अंधेरीला गेला आणि स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर राहणारा मी, कुर्ला आणि दादर असे दोनदा गाड्या बदलून सामन्याला जाणारा प्रवासी झालो. ही तक्रार मी दर वर्षी करतो, यंदाची नोंदवून ठेवली.

आता मुद्द्यावर येतो. १३ मार्च २०२१ चा अंतिम सामना आठवा. गोव्यातले फातोर्डा, रिकामे स्टेडियम, समोर एटीके मोहन बागान. तेव्हाही आपण आधी मागे पडलो होतो. १८व्या मिनिटाला आपल्या मधल्या फळीतल्या जाहूने आपल्याच गोलसमोर चेंडू गमावला आणि विल्यम्सने गोल केला. म्हणजे तो गोल आपल्या लाडक्या छोट्या पासांच्या हट्टापायी गेला. बरोबरी कशी झाली? त्याच जाहूने बिपिनसाठी लांबून उंच चेंडू टाकला आणि तो अडवायला गेलेल्या तिरीच्या डोक्याला लागून त्यांच्याच जाळ्यात गेला. ९०व्या मिनिटाला ओगबेचेच्या पासवर बिपिनने विजयी गोल केला.

थोडक्यात, तीन वर्षांच्या अंतराने दोन अंतिम सामने, समोर तोच संघ, दोन्ही वेळा आपण आधी पिछाडीवर, दोन्ही वेळा बरोबरी बचावफळीच्या डोक्यावरून टाकलेल्या चेंडूने आणि दोन्ही वेळा निर्णायक गोल बिपिनचा. तेव्हा ज्याने स्वयंगोल केला तो तिरी काल आपल्या बचावफळीत उभा होता. एवढे जुळून येते, तेव्हा नेरूळकरांच्या प्रश्नात तथ्य आहे असे वाटते.

मधली_फळी (सकाळी १०.५२)

जुना_डीवाय सर, आपल्या स्मरणशक्तीला दंडवत. तरीही दोन सामन्यांवरून सिद्धांत मांडू नये असे सुचवतो. २०२२-२३ मध्ये आपण साखळीच्या २० सामन्यांत ५४ गोल केले, ते काय सगळे डोक्यावरून टाकलेले चेंडू होते? जाहूच्या पायातून लांब पास सुटत असत हे मान्य, पण त्याच्याभोवती सतत छोटे त्रिकोण फिरत असत, म्हणूनच त्याला मान वर करून पाहायला सवड मिळत असे.

खारघरचा_बागानी (दुपारी १२.२०)

माझे आजोबा नोकरीनिमित्त कोलकात्यात होते आणि त्यांच्याबरोबर मोहन बागानचा हिरवा-मरून रंगही आमच्या घरात आला, त्यामुळे कालची रात्र मी कशी काढली ते विचारू नका. १५ एप्रिलला याच मैदानावर आम्ही तुम्हाला २-१ असे हरवून लीग शिल्ड नेली, साखळीत ४८ गुण आमचे आणि ४७ तुमचे, एवढे तरी या उत्सवात कोणी लिहावे अशी अपेक्षा होती. कोणी लिहिले नाही, म्हणून मीच लिहितो.

पराभूत बाजूने सांगायचे तर मला तो पास दोषी वाटत नाही. आमचे प्रशिक्षक हबास यांचा संघ बंदिस्त खेळतो, दोन फळ्यांमधले अंतर सुटू देत नाही आणि चेंडू मिळताच झडप घालतो. १५ एप्रिलला आम्ही तसेच खेळलो. काल ४४व्या मिनिटाला गोल झाल्यावर आमच्या खेळाडूंना घरच्या प्रेक्षकांसमोर दुसऱ्या गोलाचा मोह झाला असावा, असे माझे निरीक्षण आहे. मध्यंतरानंतर आमची मधली फळी पुढे आणि बचावफळी जागेवर, अशी फाटाफूट दिसत होती. नोगेराला मान वर करायला वेळ मिळाला, कारण त्याच्या अंगावर जाणारा माणूस नव्हता. तेव्हा 'पास की पद्धत' या वादात तिसरा पर्यायही ठेवा, तो म्हणजे आमची चूक.

घोडबंदर_रोड (दुपारी १२.२८)

बागानी, आपण हरल्यावरही इतके नीटनेटके लिहिता, जिंकल्यावर काय कराल?

खारघरचा_बागानी (दुपारी १२.३१)

जिंकल्यावर मी या धाग्यावर फिरकतही नाही.

ऐरोलीचा_उजवा_बॅक (दुपारी २.४५)

मी कार्यालयीन स्पर्धांत बारा वर्षे उजव्या बाजूला बचावात खेळलो आहे. दर्जा सांगण्यासारखा नाही, पण डोक्यावरून गेलेले चेंडू मात्र विपुल पाहिले आहेत, म्हणून त्या क्षणी बचावपटूचे काय होते ते लिहितो.

बचावपटूला दोन गोष्टी एकाच वेळी दिसाव्या लागतात: चेंडू आणि माणूस. चेंडू समोर असतो, माणूस खांद्यामागे. जोवर चेंडू जमिनीवरून इकडून तिकडे फिरतो आहे, तोवर अंग अर्धे वळवून दोन्हींवर नजर ठेवता येते. ज्या क्षणी समोरच्याने मान वर केली, त्या क्षणी निर्णय घ्यावा लागतो की मागे पळायचे की ऑफसाइडच्या (पास सुटताना बचावफळीच्या पलीकडे गेलेला आघाडीवीर पकडला जातो, त्या नियमाच्या) भरवशावर थांबायचे. मागे पळालात आणि शेजारचा थांबला, तर ऑफसाइडची रेघ मोडते. थांबलात आणि आघाडीवीर अर्ध्या सेकंदाने उशिरा निघाला, तर तो पूर्ण वेगात आणि तुम्ही जागेवरून वळता आहात. अशा वेळी पाच यार्डांत माणूस निघून जातो. मग कितीही जीव तोडून धावा, त्याच्या पाठीवरचा क्रमांक तेवढा वाचायला मिळतो.

म्हणून घोडबंदर यांच्याशी मी सहमत आहे. बचावपटूला पास हरवत नाही, धाव हरवते. चेंडू कितीही सुंदर टाकला तरी तिथे माणूस नसेल तर तो गोलरक्षकाला दिलेला पास ठरतो.

घणसोली_प्रशिक्षक (सायंकाळी ६.१०)

चर्चा उत्तम चालली आहे. मी एका वेगळ्या अंगाने लिहितो, पण विषय सोडत नाही.

माझ्याकडे बारा-तेरा वर्षांची अठरा मुले फुटबॉल शिकायला येतात. आज सकाळी सरावाआधी मी त्यांना मोबाइलवर तो गोल चार वेळा दाखवला आणि विचारले, काय दिसले? एकाने धाव सांगितली, एकाने मोहन बागानचा गोलरक्षक विशाल कैथ पुढे आला की नाही यावर वाद घातला. मागे बसलेल्या एका मुलाने मात्र प्रामाणिकपणे विचारले, "सर, एवढा उंच पास फाउल नसतो का?"

मी क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिलो, मग उलगडा झाला. तो मुलगा आठवड्यातले पाच दिवस टर्फवर खेळतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत गेल्या काही वर्षांत जागा मिळेल तिथे हे टर्फ उभे राहिले आहेत: मोकळ्या भूखंडावर, मॉलच्या गच्चीवर, पुलाच्या शेजारी. चारही बाजूंनी जाळी आणि वरही जाळी. चेंडू वरच्या जाळीला लागला की तो समोरच्या संघाला द्यायचा, असा तिथला नियम आहे. काही ठिकाणी तर डोक्याच्या वर चेंडू उडवायचाच नाही, असे फळ्यावर लिहिलेले असते. त्या मुलाने उभ्या आयुष्यात उंच पास दिलेला नाही, कारण त्याच्या फुटबॉलला छत आहे.

नेरूळकरांच्या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही, पण एक गोष्ट सांगतो. नोगेराचा पास चांगला की छोटे पास चांगले, हा वाद आपण मोठी माणसे घालतो आहोत आणि इथे पुढची पिढी त्यातला एक पर्याय फाउल समजून वाढते आहे.

पाम_बीच (सायंकाळी ६.४०)

'त्याच्या फुटबॉलला छत आहे' हे वाक्य वाचून थांबलो. आमच्या टर्फवरही हाच नियम आहे आणि मला तो आजवर कधी खटकला नव्हता.

मधली_फळी (सायंकाळी ७.२५)

प्रशिक्षक महोदय, निरीक्षण मार्मिक आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. लहान जागेत खेळण्याचे फायदे ब्राझीलने जगाला दाखवले आहेत. तिथली मुले फुटसाल खेळून मोठी होतात आणि चेंडू पायाशी चिकटवून ठेवायला तिथेच शिकतात. टर्फवर अंगावर येणारा माणूस दोन पावलांवर असतो, म्हणून चेंडू घेण्याआधी मान वळवून पाहण्याची सवय लागते. हीच सवय पुढे मोठ्या मैदानावर नोगेराला उपयोगी पडते. उंच पास वर्षभरात शिकवता येतो, पण चेंडू घेण्यापूर्वी आजूबाजूला पाहण्याची सवय वयाच्या दहाव्या वर्षी लागली नाही तर पुढे लागत नाही.

घणसोली_प्रशिक्षक (सायंकाळी ७.५०)

फुटसालचा दाखला योग्य आहे, पण त्यात एक फरक राहून जातो. फुटसालचा चेंडू मुद्दाम लहान आणि कमी उसळणारा असतो, बाजूच्या रेषा खऱ्या असतात, चेंडू बाहेर गेला की बाहेर. आपल्या टर्फवर चेंडू बाजूच्या जाळीला आपटून परत येतो आणि खेळ चालू राहतो. त्यामुळे मुले भिंतीलाच आपला सहावा खेळाडू समजतात. मोठ्या मैदानावर आणल्यावर विंगेतला मुलगा चेंडू जोरात मारतो आणि तो परत येईल म्हणून उभा राहतो. मागच्या महिन्यातच एकाने असे केले. चेंडू थेट रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीखाली गेला, मुलगा मात्र रेषेवरच वाट पाहत उभा.

मोठे मैदान म्हणजे १०५ बाय ६८ मीटर. त्यातली लांबी वापरायची असेल तर हवेतला पास लागतोच.

वाशीची_आई (रात्री ९.१५)

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि डाव्या बाजूला खेळते. मला डावपेचांतले फारसे कळत नाही, पण घोडबंदर_रोड यांनी विचारलेल्या धावेबद्दल मला एक अनुभव आहे.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना डी. वाय. पाटीलवर झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले, तेही स्वयंगोलावर. आम्हाला वरच्या मजल्यावर, गोलच्या मागच्या बाजूची तिकिटे मिळाली होती आणि मी आधी नाराज झाले होते, कारण टीव्हीवर सामना बाजूने पाहण्याची सवय. पण दहा मिनिटांतच मुलगी म्हणाली, "आई, इथून सगळ्या रांगा दिसतात." खरोखरच, चेंडू मधे कुठेतरी असताना पुढच्या मुली काय करतात हे तिथून स्पष्ट दिसत होते. एखादी मुलगी पंधरा-वीस वेळा धावत होती आणि त्यांतल्या एखाद-दुसऱ्याच वेळी तिला चेंडू मिळत होता. उरलेल्या धावा टीव्हीवर कोणालाच दिसत नाहीत, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो.

त्यामुळे कालच्या गोलात परेरा डियाझ आधी निघाला की नोगेराने आधी पाहिले, हे टीव्ही पाहून ठरवता येईल असे मला वाटत नाही.

नेरूळकर (रात्री ९.४०)

ताई, आपल्या शेवटच्या वाक्याने माझ्या धाग्याचा पायाच काढून घेतला. मी तो गोल काल रात्रीपासून किमान तीस वेळा पाहिला आहे आणि दर वेळी चित्रण नोगेराच्या पायापासून सुरू होते.

कळवा_स्टॉपर (सोमवार, सकाळी ७.३०)

लोकलमध्ये उभ्याने वाचतो आहे, थोडक्यात लिहितो. गोलकिकचा नियम २०१९ साली बदलला हे कोणी लिहिले नाही. पूर्वी गोलकिकनंतर चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय त्याला हात लावता, म्हणजे पाय लावता येत नसे. आता आतच घेता येतो. त्यामुळे गोलरक्षकाशेजारी दोन बचावपटू उभे करून छोट्या पासने सुरुवात करणे सोपे झाले. समोरचा संघ ते हिसकावायला वर येतो आणि त्याच्या मागे मैदान मोकळे होते. त्याआधी १९९२ मध्ये गोलरक्षकाने सहकाऱ्याचा पायाने दिलेला पास हातात घेण्यावर बंदी आली, तेव्हापासून गोलरक्षकाला पायाने खेळणे भाग पडले. तेव्हा छोटा पास हा गळ आणि लांब पास ही काठी, असे समजा. गळावाचून काठी आणि काठीवाचून गळ, दोन्ही निरुपयोगी. ठाणे आले, उतरतो.

ऐरोलीचा_उजवा_बॅक (सकाळी ७.५८)

वाहवा! उभ्याने, गर्दीत आणि तेही कळव्याहून ठाण्यापर्यंतच्या एका स्थानकात एवढे लिहिलेत. बसून लिहिले असते तर ग्रंथ झाला असता.

पाम_बीच (सकाळी ११.१०)

सगळे दुसऱ्या गोलावर अडकले आहेत, म्हणून प्रशिक्षक क्रात्की यांच्याविषयी लिहितो. हा हंगाम कसा गेला ते पाहा. जाहू आणि फॉल आधीच ओडिशाला गेले होते, नोव्हेंबरमध्ये आधीचे प्रशिक्षक बकिंगहॅम इंग्लंडला गेले, जानेवारीत स्ट्युअर्टनेही संघ सोडला. ज्या संघाची पासिंगची साखळी या मंडळींभोवती बांधलेली होती, त्याचे कणेच काढून घेतल्यासारखे झाले. डिसेंबरमध्ये आलेल्या क्रात्की यांनी जुनी साखळी तशीच जोडण्याचा हट्ट धरला नाही. अपुइया आणि व्हॅन निफ चेंडू जिंकून लवकर पुढे देऊ लागले आणि छांगटेच्या वेगाचा उपयोग जास्त होऊ लागला.

२४ एप्रिलचा गोव्यातला सामना आठवा. ९०व्या मिनिटापर्यंत आपण ०-२ असे मागे होतो. मग छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटे, असे तीन गोल झाले आणि ३-२ ने जिंकलो. ते काही शांतपणे त्रिकोण फिरवून झालेले गोल नव्हते. काल अखेरचे दोन्ही गोल बदली खेळाडूंचे, बिपिन आणि वोयटस यांचे. दमलेल्या बचावफळीवर ताजे पाय सोडण्याची वेळ बरोबर साधली, हेही डावपेचच आहेत.

माझे उत्तर: पद्धत जिंकली, पण ती आधीचे प्रशिक्षक लोबेरा-बकिंगहॅम यांची नव्हे, क्रात्की यांची. तिच्यात छोटा पास आहे, लांब पासही आहे, आणि एकाचाच सोस नाही.

जुना_डीवाय (दुपारी १२.०५)

पाम_बीच यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. भर एवढीच घालतो की चषक उचलणारा कर्णधार राहुल भेके आपल्या मुंबईचा आहे. २०२२ साली रियाधमध्ये इराकच्या हवाई दल क्लबला आपण २-१ असे हरवले आणि एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरलो. त्यातला विजयी गोलही त्याचाच. तेव्हाही आधी मागेच पडलो होतो. या संघाला पहिला घास शत्रूला भरवल्याशिवाय जेवण जात नाही.

मधली_फळी (दुपारी १.१५)

क्रात्की यांच्याबाबतचा मुद्दा मी मान्य करतो. मला फक्त 'एका माणसाची नजर' हे शब्द खटकले होते, ती तक्रार अजूनही आहे.

घोडबंदर_रोड (दुपारी १.२०)

वाद मिटत नसेल तर प्रयोग करा. प्रशिक्षकांकडे अठरा मुले आहेत, मैदान आहे, चेंडू आहेत. वीस वेळा तोच पास टाकायला सांगा आणि मोजा.

घणसोली_प्रशिक्षक (दुपारी २.००)

मान्य. येत्या रविवारी सकाळी सव्वासहाला मोकळ्या मैदानावर. नऊनंतर उन्हात मुलांना उभे करणार नाही. मैदानाच्या अर्ध्या भागात प्रचारसभेच्या मंडपाचे बांबू पडले आहेत, वीस तारखेच्या मतदानापर्यंत ते हलतील असे दिसत नाही, तेव्हा उरलेल्या अर्ध्यात भागवू. ज्यांना यायचे त्यांनी यावे, बागानी यांनीही यावे.

खारघरचा_बागानी (दुपारी २.०४)

येतो. ऑफसाइडचे निशाण माझ्या हातात द्यावे, एवढीच अट.

घणसोली_प्रशिक्षक (रविवार, १२ मे, सकाळी १०.३०)

ठरल्याप्रमाणे प्रयोग झाला. नेरूळकर, वाशीच्या ताई, त्यांची कन्या आणि बागानी उपस्थित होते. निशाण बागानी यांच्याकडे होते आणि त्यांनी ते पहिल्या सात प्रयत्नांपैकी पाच वेळा वर केले, हे नमूद करतो.

रचना साधी होती. चार बचावपटू एका रेषेत, त्यांच्यामध्ये एक आघाडीवीर, आणि मधल्या भागात तीन मुले आपापसांत छोटे पास देणारी. त्यांपैकी कोणीही, केव्हाही, डोक्यावरून चेंडू टाकायचा. एकूण वीस प्रयत्न. त्यांपैकी नऊ पास इतके खाली राहिले की बचावपटूच्या छातीला लागले, कारण टर्फच्या सवयीने मुले चेंडूच्या मध्यावर मारतात, त्याच्या खाली पाय घालत नाहीत. पाच वेळा ऑफसाइड, तीन वेळा चेंडू फारच पुढे गेला. यशस्वी तीन, आणि तिन्हींत आघाडीवर वाशीच्या ताईंची कन्या होती.

तिला आणि पास देणाऱ्या मुलाला मी वेगवेगळे बाजूला घेऊन विचारले. मुलगा म्हणाला, "ती पळताना दिसली म्हणून टाकला." मुलगी म्हणाली, "त्याने मान वर केली म्हणून मी पळाले." दोघेही आपल्या म्हणण्यावर ठाम होते.

ऐरोलीचा_उजवा_बॅक (सकाळी १०.४८)

मी लिहिलेच होते की सगळे काही मान वर होण्यापाशी सुरू होते. आणि मान वर करायला सवड मिळाली ती मधल्या तिघांच्या छोट्या पासांमुळे, असे आता मधली_फळी लिहितील.

मधली_फळी (सकाळी १०.५५)

लिहिणारच होतो. आपण वाक्य पळवलेत.

नेरूळकर (सकाळी ११.२०)

मी प्रत्यक्ष पाहिले आणि एक कबुली देतो. अठराव्या प्रयत्नात, जो यशस्वी झाला, मी ठरवून चेंडूकडे पाहिलेच नाही, फक्त त्या मुलीकडे पाहिले. त्याआधीच्या अकरा छोट्या पासांदरम्यान ती चार वेळा निघाली आणि चार वेळा थांबून परत रेषेत आली. पाचव्या वेळी निघाली तेव्हा चेंडू आला. त्या चार धावांकडे बचावपटू दर वेळी थोडे खेचले जात होते. धाग्याच्या शीर्षकात मी 'एक पास' लिहिले आहे, ते बदलण्याची सोय इथे असती तर बदलले असते.

घणसोली_प्रशिक्षक (सकाळी ११.३५)

पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच वेळी. उंच पास 'फाउल' म्हणणारा मुलगा आज शेवटी एकटाच थांबला होता आणि भिंतीकडे तोंड करून चेंडूखाली पाय घालायचा सराव करत होता. त्याचा सोळावा का सतरावा चेंडू भिंतीवरून पलीकडच्या नाल्यात गेला. येणाऱ्यांपैकी कोणाकडे पाच नंबरचा जादा चेंडू असल्यास कृपया घेऊन यावा.